शुद्धलेखन, व्याकरण आणि हरवलेला कर्ता

रोजच्या व्यवहारात आणि धंद्या-नोकरीच्या लिहिण्यात व्याकरण पाळण्याची काही गरज आहे काय, हा वाद आमच्या सुशिक्षित घरांतून हल्ली वारंवार ऐकू येतो. निमित्त बहुधा क्षुल्लक असते. लग्नपत्रिकेत ‘आर्शिवाद’ छापलेले निघते, सोसायटीच्या फलकावर ‘सुचना’ झळकते, किंवा नातवाने भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या चार ओळींत एकही विरामचिन्ह सापडत नाही. आजोबा कपाळाला हात लावतात आणि नातू विचारतो, “पण आजोबा, तुम्हाला अर्थ कळला ना?” अर्थ कळलेला असतो, त्यामुळे आजोबा निरुत्तर होतात, पण त्यांचे समाधान मात्र होत नाही. अशा वादांत दोन्ही पक्ष आम्हास पाचारण करतात, कारण तीस वर्षे महाविद्यालयात भाषा शिकविणारा मनुष्य शुद्धाशुद्धाचा पंच म्हणून सर्वांस सोयीचा वाटतो. तो निवाडा आज येथे एकदाच लिहून टाकावा असे योजिले आहे. तो दोघांसही सर्वस्वी रुचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम नातवाची बाजू घेऊ, कारण तिच्यात तथ्य पुष्कळ आहे. तो म्हणतो, लेखनाचे नियम माणसांनीच केले आणि माणसांनीच बदलले; मग त्यांचे एवढे स्तोम कशासाठी? हे खरे आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. त्या काळचे लोक ‘केलें’, ‘घरांत’, ‘कवि’, ‘बुद्धि’ असे लिहीत. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली सरकारमान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि ‘कवि’चा ‘कवी’ झाला. म्हणजे आमच्या आजोबांनी जे लिहून परीक्षेत शाबासकी मिळविली, तेच आम्ही लिहिले असते तर उत्तरपत्रिकेवर लाल रेघ उमटली असती. यावरून आजोबा अशुद्ध ठरत नाहीत आणि आम्ही त्यांच्याहून शहाणेही ठरत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, या जोड्या शाळामास्तरांच्या फार आवडीच्या. परंतु फलकावर ‘प्रजासत्ताक दीन’ असे लिहिलेले वाचून गरिबांचा उत्सव आहे असे आजवर कोणी समजलेले नाही. वाचणाऱ्यास हसू येते, आणि तो सव्वीस जानेवारीस झेंडावंदनाला वेळेवर हजर राहतो.

येथवर आम्ही नातवाशी सहमत आहोत. परंतु यापुढे जाऊन तो जेव्हा म्हणतो की, म्हणून व्याकरणाचीही गरज नाही, तेव्हा त्याने दोन निराळ्या वस्तू एकाच टोपलीत भरलेल्या असतात. ऱ्हस्व-दीर्घ हा लेखनाचा संकेत आहे. व्याकरण ही त्याहून फार खोलवरची गोष्ट आहे. कोणी केले, काय केले, कोणासाठी केले आणि केव्हा केले, या चार प्रश्नांची उत्तरे वाक्यातून ज्या व्यवस्थेने मिळतात, ती व्यवस्था म्हणजे व्याकरण. वेलांटी चुकली तर हसू येते. ही व्यवस्था चुकली तर कोणाच्या तरी खिशाला, हक्काला किंवा प्रकृतीला बाध येतो.

एक साधे उदाहरण घ्या. भाडेपत्रात असे वाक्य आहे: ‘भाडेकऱ्याने घरमालकास कळवून आपल्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी.’ मराठीत ‘आपला’ हे सर्वनाम वाक्याच्या कर्त्याकडे वळते; यास्तव खर्च भाडेकऱ्याचा. आता ‘आपल्या’ काढून तेथे ‘त्याच्या’ घाला. खर्च घरमालकाच्या अंगावर गेला. दोन्ही वाक्यांत एकही वेलांटी चुकलेली नाही, शुद्धलेखनाच्या अठरा नियमांपैकी एकाचाही भंग झालेला नाही; परंतु छत गळू लागले म्हणजे या एका शब्दावर हजारो रुपये इकडचे तिकडे होतात. दुसरे उदाहरण मृत्युपत्राचे. ‘घर थोरल्या मुलास आणि शेत धाकट्या मुलास व मुलीस अर्धे अर्धे द्यावे.’ अर्धे अर्धे काय, शेत की घरही? लिहिणाऱ्याच्या मनात संशय नव्हता. पण ज्या दिवशी हे वाक्य वाचले जाईल, त्या दिवशी त्याला विचारावयास तो असणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा’ हे तिसरे. एकूण दोन गोळ्या की चार? घरी जाऊन पोहोचलेल्या म्हाताऱ्या रोग्यास हे कोणी सांगावे?

बोलणे आणि लिहिणे यांत जो खरा भेद आहे, तो येथे दिसून येतो. बोलताना ऐकणारा समोर असतो. वाक्य अर्धे राहिले तर हातवारे ते पुरे करतात; संशय आला तर तो ‘म्हणजे काय?’ म्हणून विचारतो. लिहिलेल्या वाक्याच्या वाचकास हा आधार नसतो. तो कागदापाशी एकटा असतो आणि लिहिणाऱ्याने जे दिले असेल तेवढ्यावरच त्याला निभावून न्यावे लागते. ‘अर्थ कळला ना?’ हा नातवाचा प्रश्न आजोबांपुरता ठीक आहे, कारण नातवाचे मन आजोबांस ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचे मन ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकरिताच व्याकरण असते.

ही गोष्ट आमच्या देशात नवी नाही. पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीने आरंभीच एक कथा सांगितली आहे. काही मोठे ज्ञानी ऋषी होते. ते आपसांत बोलताना शब्द मोडून तोडून बोलत, इतके की त्या मोडक्या शब्दांवरूनच लोकांनी त्यांस यर्वाण-तर्वाण असे नाव पाडले. मात्र यज्ञकर्मात ते एकही अपशब्द उच्चारीत नसत. असुरांनी यज्ञातच अपशब्द वापरले, म्हणून ते पराभूत झाले. व्याकरणाच्या एवढ्या मोठ्या आचार्याने घरगुती बोलण्यातल्या मोडतोडीस दोष दिला नाही, हे ध्यानात घ्यावे. जेथे शब्दाचे फळ दुसऱ्यास भोगावे लागते, तेथे मात्र तो जपून वापरावा, एवढाच त्याचा आग्रह. आजचे आमचे यज्ञ म्हणजे करारपत्र, निकालपत्र, औषधाची चिठ्ठी आणि सरकारी आदेश. ओटीवरच्या गप्पांना ते नियम लावणारा मनुष्य पतंजलीहूनही कर्मठ म्हटला पाहिजे.

परदेशातही याचा पडताळा अगदी अलीकडे आला. अमेरिकेतील मेन या राज्याच्या कायद्यात, जादा कामाचा वाढीव मोबदला कोणत्या कामांस लागू नाही, याची यादी होती. त्या यादीच्या शेवटी नाशवंत मालाची पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी बांधाबांध, अशा अर्थाचे शब्द होते, आणि ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका दूधकंपनीचे गाडीवान म्हणाले, आम्ही बांधाबांध करीत नाही, मालाचे वाटप करतो; यादीत वाटप हे निराळे काम म्हणून आलेलेच नाही, तेव्हा आमचा मोबदला द्या. २०१७ साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून गाडीवानांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ साली कंपनीने पन्नास लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. कायदेमंडळाने पुढे त्या यादीची विरामचिन्हे बदलून घेतली. स्वल्पविरामाची थट्टा करणाऱ्यांनी त्या गाडीवानांस जाऊन विचारावे. येथे व्याकरण मालकाच्या नव्हे, मजुरांच्या उपयोगी पडले, हीही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आता आजोबांच्या पक्षाकडे वळू. हा पक्ष आम्हास जवळचा आहे, आम्ही त्यातच वाढलो. म्हणून त्याच्याशी अधिक परखडपणे बोलण्याचा आम्हास अधिकार आहे असे समजतो. या पक्षाने व्याकरणाचे रक्षण करण्याऐवजी त्याचे सोवळे करून टाकले. मराठवाड्याचा किंवा वऱ्हाडचा मुलगा ‘पानी’ म्हणाला, कोणी ‘मी बोल्लो’ म्हणाला, की यांच्या कपाळावर आठी चढते. ‘ण’चा ‘न’ झाल्याने कोणत्या वाक्याचा अर्थ बिघडला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. मुलाचे गाव कोणते, त्याच्या घरी कोणती बोली बोलतात, त्याचे आईबाप काय करतात, हे एका अक्षरावरून ओळखण्याची ती युक्ती आहे. तिला व्याकरण हे नाव देऊ नये. पतंजलीने या मंडळींसाठीही एक गोष्ट ठेवली आहे. एका वैयाकरणाने एका सारथ्यास विचारले की या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणाला, या रथाचा ‘प्राजिता’ मी. वैयाकरण म्हणाला, हा अपशब्द आहे. सारथ्याने शांतपणे उत्तर दिले की, महाराज, आपणास सूत्र ठाऊक आहे, पण लोकांत कोणते रूप इष्ट मानतात ते ठाऊक नाही. वैयाकरणाची फजिती करणारी ही गोष्ट व्याकरणाच्याच ग्रंथात यावी, यात त्या शास्त्राचा मोठेपणा आहे. आमच्या शुद्धिवाद्यांना सूत्र आले. सारथ्याचा मान राखण्याचे धैर्य आले नाही.

या दोषातून आम्ही स्वतः सुटलेलो नाही. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रयोगांचे प्रकरण चालू होते. उदाहरणादाखल आम्ही फळ्यावर एक कार्यालयी वाक्य लिहिले: ‘सदर विहिरीचे काम पूर्ण करण्यात आले आहे.’ मागच्या बाकावरून मराठवाड्याच्या एका खेड्यातून आलेला विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, यात करनारा कोन हाय?” आम्ही म्हणालो, “‘करनारा’ नव्हे, ‘करणारा’. आणि ‘कोन’ भूमितीच्या तासाला.” वर्ग हसला. आम्हीही हसलो. तो खाली बसला, आणि वर्षअखेरपर्यंत त्याने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी त्या वर्गात व्याकरणाचा प्रश्न एकट्या त्यानेच विचारला होता. पगार घेऊन व्याकरण शिकविणाऱ्याने त्याला उच्चाराचे उत्तर दिले. त्याच्या मनात कोणती विहीर होती, हेही आम्ही विचारले नाही.

तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण आमच्या सार्वजनिक मराठीचे खरे दुखणे त्यात आहे. राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला, राज्यकारभाराची मराठी घडविण्यासाठी कोश निघाले, परिभाषा तयार झाली. ते काम मोठे होते आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. परंतु त्याच कारभारी मराठीत ‘करण्यात येईल’, ‘घेण्यात आला आहे’, ‘विचाराधीन आहे’ या रचनांचे असे पीक माजले की वाक्यातून कर्ता नाहीसा झाला. रस्त्याचे काम लवकरच हाती घेण्यात येईल. कोण घेणार? आपल्या अर्जाचा विचार करण्यात आला. कोणी केला? या रचनेत ‘कडून’ हा शब्द घालून कर्ता सांगण्याची सोय भाषेने ठेवलेली आहे; ती वापरली जात नाही, एवढेच.

यातली खरी मौज पुढेच आहे. पाणी बंद राहण्याची नेहमीची सूचना पाहा: ‘उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ एकाच वाक्याचे दोन भाग. पहिल्या भागात पाणी बंद करणारा कोणी नाही. ते जणू आपले आपण बंद होते. दुसऱ्या भागात मात्र ‘नागरिकांनी’ असा तृतीया विभक्तीतला ठसठशीत कर्ता येऊन उभा राहतो. थकबाकीदारांनी रक्कम भरावी, न भरल्यास दंड आकारण्यात येईल: येथेही भरणारा दिसतो, आकारणारा दिसत नाही. कर्तव्य ज्याचे त्याचे नाव आहे. अधिकार ज्याचा त्याचे नाव नाही. ही वाक्ये शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असतात. आजोबा ती वाचून समाधान पावतात, नातू ‘अर्थ कळला’ म्हणून पुढे जातो, आणि दोघांच्याही नळाला पाणी नसते. ही केवळ सरकारची रीत आहे असेही नाही. बँका, विमा कंपन्या, गृहनिर्माण संस्था, रुग्णालये, आणि आम्हास लाज वाटते पण सांगतो, महाविद्यालयेही, हीच मराठी लिहितात. ‘आपल्या खर्चाने दुरुस्ती करण्यात येईल’ असे पत्र भाडेकऱ्याच्या हाती पडले, तर खर्च कोणाचा? कर्ताच नसल्याने ‘आपल्या’ला वळावयास जागा उरत नाही, ते आदरार्थी होऊन वाचणाऱ्याच्या माथी बसते.

यावर कोणी म्हणेल की, मग या रचना मुळातूनच काढून टाकाव्या काय? तसे आमचे म्हणणे नाही. करणारा ठाऊक नसेल, किंवा त्याला महत्त्व नसेल, तेव्हा ही रचना योग्यच आहे. घरात चोरी झाली तर चोराचे नाव घातल्यावाचून वाक्य पुरे होत नाही असे कोण म्हणेल? करणारा ठाऊक असून तो लपविणे, ही गोष्ट मात्र निराळी. तेथे वाक्य शुद्ध असते आणि लिहिणारा अप्रामाणिक असतो.

आता निवाडा. भाषेतील चुकीचे माप अक्षरांवरून घेऊ नये. लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता किती आणि वाचणारा परावलंबी किती, यावरून घ्यावे. आईच्या पत्रातील वेलांट्या मोजणारा मुलगा करंटा होय. अर्ज लिहिणाऱ्या शेतकऱ्याची चूक सांभाळून घेणे हे अर्ज वाचणाऱ्याचे कर्तव्य आहे. परंतु ज्याच्या एका वाक्याने दुसऱ्याचे घर, शेत, पगार किंवा औषध ठरते, त्या वकिलास, अधिकाऱ्यास, डॉक्टरास आणि प्राध्यापकास व्याकरणातून सूट नाही. आज आपण नेमके उलट करतो. दुबळ्याच्या ‘पानी’वर हसतो आणि बलवानाच्या ‘करण्यात येईल’पुढे मान तुकवितो.

कोणी असेही म्हणतात की आता यंत्रेच शुद्ध लिहून देऊ लागली आहेत, तेव्हा हा वाद आपोआप मिटेल. वेलांट्यांचा मिटेल, यात आम्हास आनंदच आहे. परंतु कर्ता लपवावयाचा असे ज्याने ठरविले आहे, त्याला यंत्र अधिक सफाईने लपवून देईल. मोडक्यातोडक्या वाक्यात निदान संशय घेण्यास फट असते. गुळगुळीत वाक्यात ती राहत नाही. म्हणून वाचणाऱ्यास व्याकरण येण्याची गरज उद्या कमी व्हावयाची नाही, वाढावयाची आहे.

शिक्षकबंधूंना आमची एक सूचना आहे. निबंधातील ऱ्हस्व-दीर्घाबद्दल गुण कापावयाचे तर कापा. पण आठवड्यातून एक तास मुलांकडून घरी आलेली खरी पत्रे आणि सूचना मागवून घ्या, विजेच्या देयकाची, बँकेची, शाळेची. प्रत्येक वाक्याखाली मुलांनी कर्ता लिहावा, आणि तो नसेल तर तेथे रिकामी चौकट काढावी. चौकटी कोणाच्या पत्रांत अधिक निघतात, हे मुलांस सांगावे लागणार नाही. पालकांनीही हा खेळ जेवणानंतर मुलांशी खेळण्याजोगा आहे. आजोबा आणि नातू एका बाजूला बसतील असा हा बहुधा एकच व्याकरणाचा खेळ असेल.

राहिला तो विद्यार्थी. तो आज कोठे आहे, आम्हास ठाऊक नाही. हे मासिक त्याच्या हाती पडेल अशी आशाही फारशी नाही. तरी त्याचे देणे फेडणे भाग आहे. त्या वाक्यात करणारा नव्हता. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकीचे होते. आज तो वर्गात असता तर खडू त्याच्या हाती देऊन, करणाऱ्याचे नाव त्या वाक्यात कोठे लिहावयाचे, ते फळ्यावर साऱ्या वर्गास दाखवावयास त्यालाच सांगितले असते.